हमीदाचे पन्नास किलो

इनुस मुलाणीच्या बायकोचं वजन साऱ्या मांडवगण फराट्याला माहीत होतं, आणि हे पाप इनुसचंच. दुसऱ्या कुणाच्या बायकोचं वजन मी असं कागदावर लिहिलं असतं तर माझी खैर नव्हती. पण हमीदाचं वजन आम्ही रोज वाचायचो. टपरीवर बसून, चहा पीत, तांबड्या आकड्यात.

त्याचं असं आहे. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बबनरावांचा वजनकाटा आहे. ट्रक उभा राहील एवढा लांबरुंद लोखंडी प्लॅटफॉर्म, जमिनीपासून गुडघाभर उंच. शेजारी काचेच्या खिडकीची केबिन, आणि केबिनच्या डोक्यावर भलामोठा आकड्यांचा बोर्ड. भरलेली गाडी चढते, तिचं वजन होतं. रिकामी परत येते, तिचंही होतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की राहिला तो माल. एवढं साधं काम इनुसनं सव्वीस वर्षं केलं, आणि समोरच्या टपरीच्या बाकावर बसून मी ते सव्वीस वर्षं बघितलं. आमच्या घरात मेंढरं होती तोवर मी मेंढरं मोजायचो. मेंढरं गेली तेव्हापासून माणसं मोजतो. आता तुम्ही त्याला चहाडखोरपणा म्हणा, माझी हरकत नाही.

हमीदा रोज दुपारी सव्वा वाजता डबा घेऊन यायची. शुक्रवारी मात्र अडीचला, इनुसची नमाज झाल्यावर. तिला चढता यावं म्हणून इनुसनं प्लॅटफॉर्मच्या कडेला एक दगड लावून दिला होता. त्यावर पाय देऊन ती वर चढायची, खिडकीतून डबा द्यायची आणि मधोमध उभी राहायची. ती चढली की बोर्डवर उमटायचं, पन्नास.

"ओ, वजन गावाला दाखवाया आले न्हाई मी. भाकरी द्याया आले."

"मग उतर की खाली. गाडी लागायचीय."

"उतरू कशी? गुडघा धरलाय. जरा भाईर या, हात द्या."

"केबिन सोडून कसा येऊ? बटण कोण दाबंल, तुझा भाऊ?"

मग ती रुसायची. ती रुसली की इनुस शून्याचं बटण दाबायचा. काट्यावर चिखल साठतो, पाणी साठतं, ते वजनात धरलं जाऊ नये म्हणून ते बटण असतं. दाबलं की वर जे काही असेल ते काटा विसरतो. हमीदा काट्यावर उभी आणि बोर्डवर भोपळा!

"घे. फुलासारखी झालीस. आता खूश?"

हमीदा पदर तोंडाला लावून हसायची आणि गुडघा सांभाळत एकटीच उतरायची. ती उतरली की बोर्डवर यायचं, वजा पन्नास. कारण काट्यानं तिला शून्य मानलेलं, ती गेली म्हणजे शून्यातून पन्नास गेले. मग इनुस पुन्हा बटण दाबायचा आणि पुढची गाडी घ्यायचा. नवराबायकोचा हा खेळ आम्ही इतकी वर्षं फुकट बघितला. हात द्यायला मात्र इनुस कधी बाहेर आला नाही. ती डबा आणायची त्या सगळ्या वर्षांत एकदाही नाही. हे मी मोजलंय.

दोन वर्षांपूर्वी, उसाचा हंगाम संपता संपता, हमीदा अशीच आली, रुसली, हसली, उतरली. मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, तो लगेच वर चढला. त्या गडबडीत इनुसचं दुसऱ्यांदा बटण दाबायचं राहिलं. इतक्या वर्षांतली पहिली चूक. कुणाचं नुकसान झालं नाही, कारण भरल्या वजनातही पन्नास कमी आणि रिकाम्या वजनातही पन्नास कमी, वजाबाकीत ते उडून गेलं. पण गाडी उतरली की बोर्डवर वजा पन्नास. पुढची उतरली की पुन्हा वजा पन्नास. इनुसच्या ते ध्यानातच आलं नाही.

हमीदा घरी गेली, भांडी घासली, जरा पडते म्हणाली, आणि दुपार कलताना असरच्या नमाजाच्या बांगेला उठलीच नाही. निरोप आला तसा इनुस केबिन उघडी टाकून पळाला. मी टपरीवरून बघत होतो. रिकाम्या काट्यावर वजा पन्नास जळत होतं. अंधार पडायच्या आत बबनरावांनी येऊन स्विच बंद केला. बबनराव आवाजी माणूस, पण त्या दिवशी ते चपला काढून केबिनमध्ये गेले होते.

इनुसची मुलगी अल्फिया शिक्रापूरला कारखान्यात तपासणी खात्यात आहे. तेव्हा तिथंच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायची. हमीदाचा चाळिसावा दिवस झाला तशी ती म्हणाली, "अब्बा, चला माझ्यासंगं." इनुस म्हणाला, काटा कोण चालवील? मग पोरीनं काय करावं, तर बापाच्या मोबाइलमध्ये एक गोष्ट घालून दिली. कानात बोंडं घालून ऐकायची. 'सावटगड' नाव तिचं, चारशेच्या वर भाग, आणि अजून संपायची आहे. राजे, राण्या, हवेत तरंगणारे किल्ले. मी इनुसला म्हणालो, "आरं, साठीला टेकलास आन् जादूच्या गोष्टी ऐकतुयास?" त्यानं एक बोंड माझ्या कानात घातलं. मग काय, बाकावर आम्ही दोघं म्हातारे एका वायरीला बांधल्यासारखे बसायला लागलो.

सावटगडातली जादू मोठी चिवट आहे. मंत्र म्हटला आणि झालं, असं नाही. तिथले जादूगार म्हणजे तोलकरी. एखादी वस्तू उचलायची तर तिचं वजन काढून दुसरीकडे ठेवावं लागतं, किंवा दुसऱ्याचं काढून आणावं लागतं. एक तोलकरी नदीवरचा पूल उचलतो, तेव्हा गावातली वासरं इतकी हलकी होतात की वाऱ्यानं उडून बाभळीत अडकतात. राणी मेघांबा तर अख्खा गड आकाशात उचलते, त्यासाठी स्वतःचं सगळं वजन देते आणि दिसेनाशी होते. आता प्रश्न असा की राणीचं वजन गेलं कुठं?

या एका प्रश्नावर महाराष्ट्रभरच्या पोरापोरींनी एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली होती. त्यांचा मोबाइलवर ग्रुप होता, 'सावटगडची चावडी', अकराशे माणसं. चालवायची दौंडची एक मुलगी, मोनिका, औषधांच्या दुकानात कामाला. एक पक्ष म्हणायचा, राणीचं वजन गडाच्या पायथ्याच्या दगडात साठलंय. दुसरा म्हणायचा, राजानं चोरलं, म्हणून तर तो म्हातारा होत नाही. पाबळच्या एका वेल्डरनं तर लोखंडी पट्ट्यांचा तराजू करून त्याचा फोटो टाकला होता आणि खाली सात नियम लिहिले होते. नसलेल्या राणीसाठी एवढी मारामारी मी असलेल्या बायकांसाठीही बघितली नाही.

इनुसनं वर्षभर नुसतं ऐकलं. मग एक दिवस मोबाइल तोंडाशी धरून बोलला, "पोरांनो, वजन कुठं जात न्हाई. मी काटा चालवतो. शून्याचं बटण दाबलं म्हंजी वरचा माल नाहीसा झाला का? माल हायेच. काट्याला दिसंना झालाय. राणी हाय तिथंच उभी हाय. कुणीतरी बटण दाबलंय."

ग्रुपात आग लागली. बटण दाबणारा कोण? त्याला पोरांनी 'शून्यकार' नाव दिलं. त्याची चित्रं काढली, काळा झगा, हातात तराजू. सगळे इनुसला काटेवाले चाचा म्हणायला लागले. त्याच्या बोलण्यावर शंभर शंभर उत्तरं. बायको असताना या माणसाचं बोलणं एकटी ती ऐकायची, आणि तीही भांडत.

मी चिडवायचो, "शून्यकार, च्या सांगू का?"

तो हसायचा. पण त्याची नजर काट्यावर असायची. आणि त्याला कारण होतं.

ते कारण मला बरंच उशिरा कळलं, आणि एवढ्या उशिरा काही कळायची मला सवय नाही. ड्रायव्हर लोक कुरकुर करायचे की चाचा सव्वाला साखळी लावतो आणि वीस मिनिटं गाडी घेत नाही. मी समजलो जेवत असेल. एकदा सुपारी मागायला म्हणून त्या वेळी केबिनपाशी गेलो. इनुसचा डबा बंद होता. काट्यावर ना गाडी ना माणूस. ऊन मी म्हणत होतं, प्लॅटफॉर्मच्या पत्र्यावरची हवा हलत होती. आणि बोर्डवर पन्नास.

"इनुस, काटा बिघाडलाय."

"हळू बोल," तो म्हणाला.

त्यानं मला खिडकीपाशी बसवलं. आकडा जरा पंचेचाळीस व्हायचा, पुन्हा पन्नास. उभं माणूस दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतं ना, तसा. वीस मिनिटांनी आपोआप शून्य झालं. मग इनुसनं डबा उघडला.

"कवापासनं?"

"चाळिसाव्यानंतर आलो, त्या दिसापासनं. पहिल्यांदा मी बी बिघाड समजून बटण दाबलं. वीस मिन्टांनी वजा पन्नास दिसलं, हरिबा. त्या दिवशीसारखंच. मग पुन्हा कवा दाबलं न्हाई."

"उन्हानं होत असंल. लोखंड तापतं."

"व्हय, मी बी तेच म्हणलो. आमच्यात असलं काय मानत न्हाईत." त्यानं भाकरी मोडली. "पर शुक्रवारी अडीचला येतं. ऊन काय शुक्रवार पाळतं व्हय?"

मी सुपारी न घेताच परत आलो. त्या शुक्रवारी अडीचला मी टपरीवरून बोर्डकडे बघितलं, आणि त्यानंतर कुठल्याच शुक्रवारी त्या वेळी तिकडे पाठ करून बसायची माझी छाती झाली नाही.

यंदा हंगामाच्या आधी बबनरावांनी ठरवलं, काटा सबंध खोलून धुवायचा. खालचे वजन पेलणारे भाग जुने झालेत, ते बदलायचे. शिरूरहून संपत मिस्त्रीला बोलावलं, बुधवारचा दिवस धरला. इनुसचं अन्नपाणी तुटलं. मला म्हणाला, "खालचं समदं नवं घालणार. नव्या काट्याला ती कुठली वळखू येती? आन् आली, आन् काट्यानं धरलं न्हाई, तर मला कळंल कसं?"

अल्फियाला सांगता येईना. पोरीला वाटेल बापाचं डोकं फिरलं. मौलानांना विचारायची लाज. मग या शहाण्यानं ग्रुपात विचारलं. मेघांबेच्या नावावर.

"समजा, राणीचं वजन रोज ठरल्या टायमाला देवळातल्या तराजूवर येत असंल. आन् देऊळ पाडायचं ठरलं. तर राजानं काय करावं?"

पोरं तुटून पडली. मजेची गोष्ट झाली त्यांना. कुणी म्हणालं राजानं तराजू पळवावा. वेल्डरनं आठवा नियम केला की वजन वस्तूशी बांधलेलं असतं, जागेशी नाही. कुणी म्हणालं हा शून्यकाराचा सापळा आहे. दोन दिवस हा कालवा चालला, आणि इनुस एकेक उत्तर कानाशी धरून ऐकत होता, डॉक्टरनं दिलेलं औषध घ्यावं तसं.

सोमवारी मोनिकाचं बोलणं आलं. मीही ऐकलं, वायरीचं दुसरं टोक माझ्या कानात होतं.

"चाचा, मला वाटतं सगळे राजाचाच विचार करतायत. राणी रोज येते, म्हणजे राणी रोज उभी राहते ना? तराजूत बसता थोडंच येतं. इतकी वर्षं राजा तिच्याकडे आतनं बघतोय. त्याला बरं वाटतंय, म्हणून ती उभी आहे. सावटगडात जादूची किंमत कायम दुसराच कुणीतरी देतो, नाही का?"

इनुसनं बोंड काढलं. काट्याकडे बघितलं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावरून उसळत होतं.

"हरिबा, दोन वर्षं मी तिला उन्हात उभी केलीया," तो म्हणाला. "गुडघा धरलेला असताना."

मी माझ्या कानातलं बोंड काढून त्याच्या हातात दिलं.

मंगळवारी सकाळी मोनिका स्वतःच आली, दौंडहून एस.टी.नं. अंगानं एवढीशी पोर, पाठीवर पिशवी. टपरीवर मलाच विचारलं, "आबा, काटेवाले चाचा कुठं बसतात?"

"शून्यकार व्हय? त्यो बघा. झगा धुवायला टाकलाय."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. म्हणाली, "आबा, त्यांचा प्रश्न गोष्टीतला नव्हता ना? माझी आजी गेली तेव्हा आजोबाबी असंच तिसऱ्याचं नाव घेऊन बोलायचे."

मी तिला बाकावर बसवलं. दुपार झाली. सव्वा वाजता इनुसनं साखळी लावली आणि बोर्डवर पन्नास आलं. पोरीनं चहाचा पेला खाली ठेवला. वीस मिनिटं ती त्या आकड्याकडे बघत होती. पंचेचाळीस, पन्नास, पंचेचाळीस. शून्य झाल्यावर इनुस केबिनमधून म्हणाला, "ये बेटा, भाकरी खा."

ती आत गेली. गोष्टीतल्या राणीबद्दल दोघं बोलत बसली. मी ऐकायला म्हणून दारात उभा राहिलो, आणि ऐकलं ते एवढंच, की पोर म्हणाली, "चाचा, तुम्ही तिला कधी खाली उतरायला मदत केली होती का?" इनुस फडक्यात भाकरी गुंडाळत राहिला.

बुधवारी संपत मिस्त्री सकाळीच आला. पाने, जॅक, वीस वीस किलोची प्रमाणित वजनं, सगळा पसारा. बबनराव सोबत. इनुसनं हात जोडले.

"मालक, दोन वाजेपर्यंत काट्याला हात लावू नगा. एवढं ऐका."

"का रं? मुहूर्त काढलाय का मुलाण्यानं?" बबनराव हसले. मग त्यांनी इनुसचं तोंड बघितलं आणि संपतला म्हणाले, "च्या पी रं तवर."

सव्वा झाला. आम्ही चौघं टपरीवर, मोनिकाही, रात्री ती माझ्याच घरी सुनेपाशी राहिली होती. इनुस केबिनमध्ये. बोर्डवर पन्नास आलं.

संपत म्हणाला, "वायरीत ओल गेली असणार."

इनुसनं खिडकी उघडली. बाहेर तोंड काढून, पूर्वी बोलायचा तसा बोलला, "घे. फुलासारखी झालीस." आणि शून्याचं बटण दाबलं.

बोर्डवर शून्य. आता ती उतरली की वजा पन्नास यायचं. आम्ही बघत राहिलो. रोजची वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. शून्यच. त्या शून्याएवढी भीती मला कुठल्या आकड्याची वाटली नाही. रिकाम्या काट्यावर शून्य असतं, आणि हमीदा उभी असलेल्या काट्यावरही शून्यच असतं. बघणाऱ्यानं काय समजायचं?

"संपलं का?" बबनराव हळूच म्हणाले.

"उतरली नाही ती," मोनिका म्हणाली. "आज ती एकटी उतरायची नाही."

तेवढ्यात केबिनचं दार वाजलं. इनुस बाहेर आला. वहाणा दारात काढल्या, त्या दगडावर पाय ठेवला आणि काट्यावर चढला. बोर्डवर त्याचं वजन आलं, पासष्ट. तापल्या पत्र्यावर अनवाणी चालत तो मधोमध गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, आणि माझ्या कानाला ऐकू आलं नाही म्हणजे कुणालाच आलं नसणार. त्यानं उजवा हात पुढं केला, कोपरात जरासा वाकवून. मग वळला आणि सावकाश, फार सावकाश, एकेक पाऊल थांबत कडेला आला. आधी आपण खाली उतरला. हात वरच धरून ठेवलेला. हात जड झाल्यासारखा खाली गेला.

बोर्डवर वजा पन्नास.

संपतच्या हातातला पाना खाली पडला. बबनरावांनी चपला काढल्या. माझं म्हणाल तर मी आभाळाकडे बघितलं, कुठं ढग आला का म्हणून. ढगाचा मागमूस नव्हता.

इनुसनं मागे वळूनही बघितलं नाही. वहाणा पायात घातल्या आणि रस्त्याच्या कडेनं घराकडे निघाला. एरवी तरातरा चालणारा माणूस, पण त्या दिवशी गुडघा दुखणाऱ्या बाईच्या चालीनं चालला होता. आणि कडेच्या सावलीत स्वतः नव्हता. सावलीची बाजू त्यानं मोकळी सोडली होती.

मी मागून हाक मारली, "इनुस, निघालास कुठं?"

"शिक्रापूरला. पोरीकडं."

"आन् काटा?"

"संपत करील नवा." जरा थांबला. "हरिबा, अल्फियाला फोन लाव. म्हणावं, तिसरा मजला नगं. तळमजल्याची खोली बघ. जिना चढवणार न्हाई."

कुणाला चढवणार नाही, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता बापलेक शिक्रापूरला तळमजल्यावर राहतात. खोलीसमोर ट्रकांचा धुरळा फार, पण पायरी एकच आहे. चावडीवर पोरांची भांडणं चालूच आहेत, शून्यकाराचा अजून पत्ता नाही. इनुस ऐकतो, बोलत मात्र नाही. मोनिका मधूनमधून फोन करते आणि गोष्टीतल्या राणीची चौकशी करते.

मागच्या महिन्यात अल्फियाचा मला फोन आला. आवाज दबका.

"आबा, एक विचारू? अब्बा जेवायला बसताना शेजारी जागा सोडतात. रस्ता ओलांडताना हात असा धरून चालतात. आन् पायरीपाशी थांबतात, लई वेळ. त्यांचे गुडघे दुखत्यात का? मला सांगत नाहीत."

आयुष्यभर मी इकडची गोष्ट तिकडे केली, तिखटमीठ लावून केली. जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. समोर काटा होता, नवा रंग दिलेला, रिकामा. बोर्डवर शून्य होतं.

"व्हय पोरी," मी म्हणालो. "लई दुखत्यात. घाई करू नगंस त्यांना."